जुन्या ॲक्रिलिक ड्रमसेटला "कुठलंही पान चालतं" म्हणणाऱ्यांना उत्तर

कृष्णाकाठ_२२
काल इथं एकानं लिहिलं, "ॲक्रिलिकचा जुना सेट म्हणजे शेवटी प्लास्टिकची बादली, त्याला ऑईलवालं जाड पान लावा, वरून टेप मारा, टॉमची खालची पानं काढून टाका, विषय संपला." ते वाचून रात्री झोप नीट लागली नाही म्हणून सविस्तरच लिहितो. नवख्यांसाठी, पान म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा, वर एक आणि खाली एक.

माझ्याकडचा सेट मामांच्या ऑर्केस्ट्रातला, सत्तरच्या दशकातला अमेरिकन, २२ इंची किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), १३ आणि १६ इंची टॉम, धुरकट रंगाचा. कंपनी सांगत नाही, नाहीतर त्यावरच वाद सुरू होईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या खालच्या खोलीत हा सेट आणि दुसरा एक लाकडी सेट दोन्ही बुडाले. पाणी उतरल्यावर लाकडीचे थर शिळ्या खारीसारखे सुटले, हात लावला की पापुद्रा निघायचा. ॲक्रिलिकच्या आत बोटभर गाळ होता, तो मी साबणाच्या पाण्यानं आणि मामीच्या जुन्या मलमलच्या साडीनं पुसून काढला, पान ताणणारे रॉड आणि रिंगा गंजल्या त्या बदलल्या, शेल, म्हणजे ड्रमचं पोकळ अंग, जशेच्या तशे. ज्या सेटनं महापूर काढला त्याला बादली म्हटलेलं मला सहन होत नाही.

आता आवाजाचं. ॲक्रिलिक कडक आणि आतून गुळगुळीत, पावसाळ्यात लाकडासारखं फुगत नाही, त्याचा ठोका उजळ आणि लांबपर्यंत जाणारा. तेवढ्यासाठीच तर तो सेट घ्यायचा. त्यावर दोन थरांत तेल भरलेलं पान चढवलं की पहिला ठोका ऐकू येतो आणि मागचा सूर मरतो. मी टॉमला वर १० मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एक थराचं कोटेड, म्हणजे वरून खरखरीत लेप दिलेलं पान लावतो, खाली १० मिलचंच क्लिअर, म्हणजे बिनलेपाचं पारदर्शक. कोटेडनं वरची चिरचिर जरा बसते आणि शेलचा सूर तसाच राहतो. फक्त किकला ठोका पडतो त्या बाजूला दोन थरांचं, आणि टेपऐवजी पानाच्या आत नमद्याची एक पट्टी.

आणि पान घ्यायच्या आधी शेलची कड बघा हो, जिच्यावर पान टेकतं ती. लाकडी शेल सपाटीवर पालथा घालून आत बॅटरी ठेवली की फट दिसते, ॲक्रिलिकला ते जमत नाही कारण सगळा शेलच उजळतो. मी स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर शेल पालथा ठेवतो आणि एसटीच्या तिकिटाचा तुकडा कडेखालून सरकवत गोल फिरतो. माझ्या १६ ला जोडाशेजारी तिकीट अर्धा इंच आत गेलं. तिथंच तो टॉम वर्षानुवर्षं गुरगुरत होता आणि आम्ही दोष देत होतो पानाला.

माधवनगर_बीट
तो लिहिणारा मीच. लपत नाही.

तुमचं सगळं खरं असेल पण ते घरातल्या खोलीत खरं आहे. मी २२ वर्षं मांडवात वाजवतो, गणपतीत सलग दहा रात्री, नवरात्रात नऊ, मध्ये लग्नं. अख्ख्या सेटला मिळून दोन माईक, मिक्सरवर मंडळाचाच पोरगा बसलेला, बाजूला जनरेटर. तिथं तुमचा तो उजळ सूर माईकमध्ये शिरला की नुसता घूंऽऽ करत राहतो आणि गाणारी बाई मागं वळून बघते. दोन वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका कार्यक्रमात मी असंच हौसेनं एक थराचं पान लावलं, तिसऱ्या रात्री १६ वर वाटीएवढा खड्डा. एका पानाला किती पैसे पडतात ते तुम्हाला माहितीय, ते पैसे मला एका रात्रीत सुटत नाहीत. खालचं पान काढलं की तेवढा खर्च वाचतो आणि माईक आत घालता येतो.

आणि तुमचं ते पातळ कोटेड सत्तरच्या दशकात ह्या सेटना कोण लावायचं? तेव्हा बऱ्याचदा मध्ये काळा ठिपका असलेलं क्लिअर पान असायचं. लेड झेपेलिनचा ड्रमर बोनम, त्याचे फोटो बघा.

अजिंक्यताऱ्याखाली
बोनमचं नाव घेतलंच आहे तर पूर्ण घ्या. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं वाजवला तो अंबर रंगाचा व्हिस्टालाईट, म्हणजे लडविग कंपनीचा ॲक्रिलिक सेट, किक २६ इंची, फ्लोअर टॉम १६ आणि १८, आणि स्नेअर मात्र धातूचा. त्याचं लावणं चढं आणि उघडं, टेपनं मारलेलं नाही. ठिपक्याचं पान मान्य, पण त्याच्या नावावर ऑईलवालं पान आणि टेप खपवू नका, दादा.

बाकी मला स्वतःला ठिपक्याचं पान आवडतं. आपल्या तबल्याच्या मधल्या काळ्या शाईसारखंच आहे ते, मध्ये वजन दिलं की सूर जमतो.

मिरजेचा_ठेका
हे वाक्य वाचून राहवलं नाही. अजिबात शाईसारखं नाही ते.

साध्या ताणलेल्या पडद्याचा दुसरा सूर पहिल्याच्या १.५९ पट येतो, म्हणजे कुठल्याच स्वराला धड लागत नाही, म्हणून ड्रमला ठोका असतो आणि तबल्याला स्वर. शाई तो हिशोब बदलते. लोखंडाची भुकटी आणि खळ एकावर एक लेप देत, प्रत्येक लेप दगडानं घोटत, मध्ये जाड आणि कडेला पातळ करत नेतात, आणि वरचे सूर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे बसतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० मध्ये नेचरमध्ये हेच छापलं. तुमचा ठिपका म्हणजे एकाच जाडीची गोल चकती, काठी पडते तिथं पान फाटू नये आणि वरची चिरचिर कमी व्हावी एवढंच तिचं काम. एका शाईला अख्खा दिवस घालवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून मी लहानाचा मोठा झालोय, त्या कामाला चकतीच्या रांगेत बसवू नका.

माधवनगर_बीट
झालं, आला तबला. तुम्हा लोकांचं नेहमीचं आहे, ड्रमवाला म्हणजे काठ्या आपटणारा. मिरजेत एका मैफिलीनंतर एका बुजुर्गांनी मला तोंडावर विचारलं होतं, "तू वाजवतोस की बडवतोस?" पंधरा वर्षं झाली, विसरलो नाही. ठोका असतो आणि स्वर नसतो म्हणे. मग माझ्या १३ आणि १६ मधलं अंतर मी काय डोळे मिटून लावतो का?

मिरजेचा_ठेका
त्या बुजुर्गांचं चुकलं. पण ठिपका म्हणजे शाई नाही, यावर मी हलणार नाही.

हलगीचा_नाद
दोघं बी ऐका जरा. तुमी शाई आन ठिपका करालाय, आमच्याकडं पानच बदललं त्याचं कुणाला काय न्हाई. माझा बाप हलगी वाजवायचा. जत्रंच्या आदी पाचटाचा जाळ करायचा आन हलगी त्याच्यावर धरून फिरवायचा, बोटानं टिचकी मारून कानाला लावायचा, अजून थोडी, अजून थोडी, आन मग एकदम ती कडाडायची. आता सगळीकडं फायबरचं पान. ते ना तापतंय ना उतरतंय, सकाळी बी तसंच आन रात्री बी तसंच. पावसात बरं पडतं, कबूल. पण कातडं कमावणारी आन पान मढवणारी आमच्या भागातली दोन घरं बसली त्यात, एकाचा पोरगा आता ऊसतोडीला जातो. त्याला कोण जबाबदार ते कुणी लिहीत न्हाई.

अजिंक्यताऱ्याखाली
फायबर आलं म्हणून तर ढोलपथकातली शंभर पोरं एका आवाजात वाजवतात. भर पावसात विसर्जन मिरवणुकीत कातडी पानाचं काय होतं ते मी साताऱ्यात राजवाड्यापुढं उभं राहून बघितलंय, चौकात पोचेपर्यंत निम्मे ढोल ढप्प. भावना समजते पण वाद्य वाजायला तर पाहिजे.

हलगीचा_नाद
वाद्य वाजायला पाहिजे आन माणूस जगायला नको का? शंभर पोरांचा एक आवाज होतो म्हणजे एकाचा बी स्वतःचा आवाज न्हाई.

मिरजेचा_ठेका
हलगीवाल्या भाऊंशी पूर्ण सहमत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद झाला, पण कातडं मढवणाऱ्या हातांकडं कुणी बघत नाही. माझ्या डग्ग्याची पुडी (मढवलेलं पान) बदलायला आता मला तीन आठवडे थांबावं लागतं, आधी दोन दिवसांत व्हायची.

कृष्णाकाठ_२२
हलगीचं जे लिहिलंय त्यावर वेगळं लिहायला पाहिजे, आणि पाचटाच्या जाळाचं वाचून मला माझा आजोळचा माळ आठवला. पण माझा सेट राहिला बाजूला, म्हणून परत येतो.

बीटदादा, माईकचा मुद्दा मला टाळता येत नाही. मी मांडवात सलग दहा रात्री वाजवलेलं नाही. खड्ड्याचंही कबूल, जोरात वाजवणाऱ्याला एक थर पुरत नाही. पण घूंऽऽ येतो तो पानाच्या जाडीमुळं कमी आणि वरची-खालची पानं एकाच सुरात राहिल्यामुळं जास्त. दोन्ही सारखी लागली की टॉम सगळ्यात लांब वाजतो. खालचं थोडं चढवा, आवाज लवकर मिटतो आणि तरी सूर राहतो. लावताना दुसरी बाजू उशीवर दाबून ठेवा म्हणजे एकच पान ऐकू येईल, रॉड आधी बोटानंच घट्ट करा, मग समोरासमोर अर्धा-अर्धा आटा, आणि प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारत फिरा. १३ चा सा धरा आणि १६ ला खालचा प, मिरजकरांना विचारा चालतं का.

नवं पान चढवताना ते शेलवर सैल फिरतंय का तेही बघा. जुने शेल थोडे मोठे निघतात आणि ॲक्रिलिक उन्हानं लाकडापेक्षा जास्त वाढतं, सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या टेम्पोपर्यंत २० अंशांचा फरक पडला तर १६ इंचाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पान आधीच चापून बसलं असेल तर ते कडेवर नीट टेकतच नाही, मग चावी कितीही फिरवा.

अजून एक, हे कळवळून सांगतोय. थिनर, स्पिरिट, काच पुसायचा फवारा, यातलं काहीही ॲक्रिलिकला लावू नका. टेपचा चिकटा काढायला माझ्या चुलतभावानं १३ वर स्पिरिटचा बोळा फिरवला, दुसऱ्या दिवशी उन्हात धरला तर आत केसासारख्या शेकडो रेघा. त्या परत जात नाहीत. मला रडू आलं होतं.

मिरजेचा_ठेका
सा आणि मंद्र प चालतं. गाणाऱ्याची पट्टी विचारून लावलं तर अजून चालतं.

माधवनगर_बीट
रविवारी वेळ होता म्हणून करून बघितलं. माळ्यावर पडलेली जुनी खालची पानं धुऊन १३ आणि १६ ला परत चढवली, थोडी चढी. घरात माईक लावून पोराला मिक्सरवर बसवलं. घूंऽऽ कमी झाला. पूर्ण गेला नाही, पण कमी झाला, आणि १६ खालून बोलला, जे तो सात-आठ वर्षं बोलत नव्हता. बायको आतून येऊन विचारती, नवीन आणला का.

तरी एक थराचं पान मी वर लावणार नाही. ऑईलवालं काढलं, दोन थरांचं साधं क्लिअर लावलं, तिथून खाली येणार नाही. टेप एक तुकडा राहिलाय, तो राहील. आणि बादली हा शब्द मागं घेतो.

तिकीट फिरवताना एक दिसलं, १३ च्या एका लगच्या (रॉड ज्यात बसतो तो शेलवरचा धातूचा तुकडा) भोकापासून बारीक तडा निघालाय, नखाला लागतोय. तिथं काय करायचं?

कृष्णाकाठ_२२
तो रॉड आजच सैल करा आणि लग काढून ठेवा. स्क्रूखाली धातूचा वायसर थेट ॲक्रिलिकवर बसला असेल तर तो काढून नायलॉनचा किंवा रबराचा घाला, सगळ्याच लगना, एकालाच नको. तडा किती लांब आहे ते मोजून आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढून टाका, एक इंचाच्या वर असेल तर त्याला हात लावायच्या आधी मी माधवनगरला येऊन बघतो.