बाठ्याची पिपाणी, गुलबाक्षीची वेणी… तुम्ही काय काय केलंय? (अनुभव लिहा)

परवा ओला कचरा टाकायला खाली गेले तर खताच्या खड्ड्याजवळून आवाज आला, प्यँ… प्यँऽऽ! माळीकाकांचा नातू बाठ्याची पिपाणी वाजवत होता. तीसेक वर्षांनी ऐकली असेन. बादली हातात तशीच, मी तिथेच उभी.

ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी. मे महिन्यात आंबे खाऊन फेकलेले बाठे पहिल्या पावसानंतर रुजतात. तांबूस कोंब आलेला बाठा उपटायचा, वरची टणक करवंटी सोलायची. आत दोन दळांची बी असते. तिचं एक टोक पायरीवर घासायचं. मधेमधे थुंकी लावायची (हो, लावायचीच). दळांमधली फट उघडी पडली की तिथून फुंकायचं. पहिल्या फुंकरीला नुसती हवा येते. अजून थोडं घासलं की एकदम वाजते. तोंड तुरट तुरट होतं.

लेक (वय ९) दोन दिवस घरभर वाजवत होती, नवरा हेडफोन लावून बसला होता. तिसऱ्या दिवशी विचारते, "आई, तुला अजून काय येतं?"

मग आठवत बसले. गुलबाक्षीची वेणी आली, हातांनीच आली. चार-साडेचारला फुलं उमलायला लागली की देठासकट काढायची आणि तीन पेडांत एकेक फूल घालत जायचं. सुई नको, दोरा नको. सागाचं कोवळं पान तळव्यावर चोळून लाल करून दाखवलं. माडाच्या पातीचं मनगटी घड्याळ मात्र अर्ध्यावर अडलं. चौकोन झाला, पट्टा झाला, शेवटची पात कुठून ओवायची ते काही केल्या आठवेना. चिपळूणला दर सुट्टीत डझनाने केली असतील!

कुणाला येतं का? आणि तुमच्याकडचे असले उद्योग लिहा. कुंडीतले, अंगणातले, सणावाराचे, कुठलेही चालतील.

तळ्यातमळ्यात
भोपळ्याच्या पानाचा देठपण वाजतो. पान तोडून टाकायचं, देठ पोकळ असतोच. फक्त आधी वरची बारीक लव पुसा. मी नाही पुसली. जीभ संध्याकाळपर्यंत चरचरत होती.

बाल्कनी_चार_बाय_सहा
तुम्हाला खताचा खड्डा आहे, माळीकाका आहेत. आम्हाला कबुतरं आहेत. मोठ्या हौसेने मुलासोबत मेथी पेरली, तिसऱ्या दिवशी कुंडीत चार काटक्या आणि दोन अंडी. आता मेथीला पाणी घालायची परवानगी कबुतरिणीकडून घ्यावी लागते.

किल्लेदार
आमच्याकडे बागकाम म्हणजे दिवाळीचा किल्ला, बाकी वर्षभर कुंड्या बायकोच्या.

विटा आणि दगड रचून त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं टाकायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. खरी कला अळीव पेरण्याची. भिजवले की बुळबुळीत होतात, बोटांनी टाकायला गेलं तर एकाच जागी गोळा पडतो. आजोबा कोरड्या मातीत अळीव कालवून ती माती ओल्या पोत्यावर भुरभुरवायचे. वरून पाणी ओतायचं नाही, नुसतं शिंपडायचं, नाहीतर सगळं बी तटबंदीच्या पायथ्याशी जमतं. वसुबारसेच्या पाचेक दिवस आधी पेरलं की मावळे मांडेपर्यंत किल्ला हिरवागार. मोहरीही चालते, पण अळिवासारखी दाट येत नाही.

गेल्या वर्षी नेमका परतीचा पाऊस आला. बालेकिल्ला वाहून पार्किंगमध्ये. पोरगा रडतोय आणि महाराज सिंहासनासकट शेजाऱ्यांच्या गाडीखाली! शेवटी राहिलेल्या उतारावर अळीव इतके माजले की लेकीने ते कात्रीने कापले आणि आईने कोशिंबिरीत घातले. किल्ला खाल्लेलं आमचं एकमेव घर असावं.

तळ्यातमळ्यात
@किल्लेदार, ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट)! महाराज मिळाले का?

किल्लेदार
मिळाले. तलवार नाही मिळाली.

संत्रानगरी
आमच्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून नेतात. माझा बैल आबांनी केला होता. त्याला झूल म्हणून आम्ही तेरड्याची फुलं आणि चिंचेचा पाला चिकटवायचो. डिंक घरचाच, बाभळीचा.

आणि होळीच्या आधी पळसाची फुलं. रात्री पाण्यात टाकायची, सकाळी केशरी पाणी. उकळलं तर रंग अजून गडद होतो. अंगावरून लगेच जातो म्हणून आम्हाला तो आवडायचाच नाही, आम्हाला तो दुकानातला हिरवा पाहिजे असायचा. आता माझीच पोरगी बसून फुलं वेचते. म्हणते, त्वचेला चांगलं आहे. घ्या!

उमलती_कळी
अवांतर, पण विचारूनच टाकते. जास्वंदीवर पांढरा कापूस धरलाय, पानं चिकट. काय करू? धाग्याशी संबंध नाही, माफी असावी.

शेवंता_शेवगा
पिठ्या ढेकूण आहे तो. थोडा असेल तर जुन्या दातब्रशने साबणाच्या पाण्याने घासून काढ. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवार. मुंग्या आहेत का बघ आधी, त्याच फिरवतात त्यांना.

उमलती_कळी
मुंग्यांची तर जत्रा आहे.

मातीचे_पाय
शाडू बंद करून तीन वर्षांपूर्वी आम्ही बागेतल्या लाल मातीचा गणपती केला. मुलांच्या डोक्यात आलं की पोटात बी ठेवायचं, विसर्जनानंतर कुंडीत रोप. कल्पना उत्तम. बी कुठलं, तर घरात होते म्हणून मूग. आणि मूर्ती नीट वाळलीच नव्हती.

दीड दिवसाचाही नाही, आमचा पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी सासूबाई एकदम थांबल्या. बाप्पाच्या बेंबीतून पांढरा कोंब! चौथ्या दिवशी दोन पानं. पोट तडकलं. काकू म्हणाल्या भंगली मूर्ती, सासूबाई म्हणाल्या भंगली कुठे, उगवली. त्यावरून दोघी दिवाळीपर्यंत बोलत नव्हत्या. मूर्ती कुंडीतच विसर्जित केली, पुढे मूग शेंगांवर आले. आता बी आत ठेवत नाही, विसर्जनानंतर टाकतो.

गोंयकाराची_सून
मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर माटोळी पाहिली. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. नारळ, सुपारीचे घड, तोरिंगं, आंबाडे, निरफणस, लाल कवंडळं. सासरे चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोरांना घेऊन रानात जातात आणि प्रत्येक वेलीपाशी थांबून नाव विचारतात. ज्याला येत नाही त्याने पिशवी उचलायची. पहिल्या वर्षी पिशवी माझ्याकडे होती. दुसऱ्या वर्षीही.

कवंडळं इतकी देखणी असतात की मी चाखायला निघाले होते. सासऱ्यांनी हातावर फटका मारला, सुनेच्या! नंतर ओशाळून दोन तास बोलले नाहीत.

काळी_गुंज
त्यावरून एक आठवण करते. पोरांना गुंजांच्या माळा करायला देताना सांभाळा. बी विषारी असतं, विशेषतः भोक पाडलेलं किंवा चावलेलं. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही तशाच. आम्ही त्यांनी खेळलोय हे खरं, पण हात धुवायला आजी काठी घेऊन उभी असायची. लहान भावंडं तोंडात घालतात.

सिडनीतली_दूर्वा
इथे सगळं उलटं. गणपतीत वसंत, दिवाळीला पुढे उन्हाळा. पहिल्या वर्षी दूर्वांसाठी भारतीय दुकानं पालथी घातली. मग शेजारच्या आजोबांनी त्यांची हिरवळ दाखवली. इथे तिला 'काऊच' लिहितात आणि 'कूच' म्हणतात. बघते तर दूर्वाच! अख्खं अंगण भरून. ते बिचारे फुलझाडांच्या वाफ्यात शिरते म्हणून उपटून वैतागलेले. आता दरवर्षी मी आणि मुलगा जुड्या बांधतो, आजोबा खुशीत, मोदक खातात. घड्याळ मलाही हवंय, कुणी सांगा ना.

घटातलं_धान
आमचं धान देवघराच्या कोपऱ्यात असतं. उजेड नाही म्हणून पिवळंधमक आणि लांब येतं, आणि दसऱ्याला बाबा तोच तुरा टोपीत खोवतात. यंदा मुलाने प्रयोग म्हणून दुसरा घट खिडकीत ठेवला. ते हिरवं आणि बुटकं आलं. आई म्हणाली, प्रयोगाचं तुझ्या टोपीत, देवाचं बाबांच्या.

बाल्कनी_चार_बाय_सहा
ताजी खबर. एक अंडं फुटलं, पिल्लू आलंय. भयंकर कुरूप. मुलाने नाव ठेवलंय मेथी.

धागाकर्ती
काय सुंदर लिहिताय सगळे! भाजी फोडणीला टाकून वाचत बसले, करपली.

घड्याळाचं सांगते. काल बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, असं तोंडी सांगता येत नाही, थांब. अंगणातून पात घेऊन आले. फोन आईच्या हातात, त्यामुळे अर्धा वेळ आम्हाला छताचा पंखा दिसत होता. बाबा बोलत होते, "आता ही इकडून…" आणि पंखा. मग एकदम फोनसमोर मनगट आलं, त्यावर घड्याळ. पेच कसा घातला ते त्यांनाही सांगता येईना, म्हणाले बोटांना विचार.

पुढच्या शनिवारी चिपळूणला जातोय. लेकीने पिपाणी बरोबर घेतलीय. नवरा म्हणतोय, मी ट्रेनने येतो.