प्रतिसाद: खोसलांचं मूळ काम

वर कुणीतरी लिहिलंय, "प्रदीप खोसला म्हणजे निव्वळ प्रशासक." हे काही पटलं नाही. ते मुळात रोबॉटिक्सचे संशोधक. मुंबईत जन्म, १९८० मध्ये आयआयटी खरगपूरची पदवी, मग अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रोबॉटिक्स संशोधक ताकेओ कानादेंच्या हाताखाली १९८६ ची पीएचडी. विषय होता डायरेक्ट-ड्राइव्ह रोबॉटचं रिअल-टाइम नियंत्रण. यात मोटर थेट सांध्यावरच बसते, मध्ये गिअर नाहीत. त्यामुळे दात्यांमधली ढिलाई गेली, घर्षणही घटलं. पण गिअर असले की रोबॉटच्या हाताचा भार मोटरला फारसा जाणवत नाही. इथे तो सगळा थेट तिच्यावर येतो. म्हणजे प्रत्येक भागाचं वस्तुमान, जडत्व अचूक काढायचं आणि दर काही मिलिसेकंदांनी टॉर्कचं (सांधा फिरवणाऱ्या जोराचं) गणित नव्याने मांडायचं. तेही तेव्हाच्या संगणकांवर! पुढे सुटे सांधे नि दांडे जोडून कामापुरता हात उभा करायचा, हा मॉड्युलर प्रकल्पही त्यांच्याच गटाचा.

मधली दोनेक वर्षं डार्पात, म्हणजे संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेत, २००४ पासून कार्नेगी मेलनमध्येच डीन आणि २०१२ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चान्सलर, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंसारखं पद. माझ्या मते डार्पाचा टप्पा जास्त महत्त्वाचा. कुठल्या संशोधनाला पैसा द्यायचा, हे टेबलाच्या पलीकडून तिथेच कळतं. आपल्याकडे किती कुलगुरूंना ही संधी मिळते?