यंत्र कपाटात जातं ते म्हाताऱ्यांच्या हट्टामुळे नाही

कोथरूडची_सून: काल इथे एकानं लिहिलं, "आईबाबांना महागडी श्रवणयंत्रं घेऊन दिली, तरी ड्रॉवरमध्येच. म्हातारी माणसं हट्टीच." वाचून डोकं फिरलं. वयानं आधी वरच्या पट्टीचं, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजांचं, ऐकणं जातं. स, श, फ, थ तिथेच असतात, म्हणून "ऐकू येतं, पण कळत नाही." अशा कानाला सरसकट आवाज वाढवून दिला की ताटं-वाट्या डोक्यात वाजतात, बोलणं कळत नाहीच. माझ्या सासऱ्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, दुकानदारानं कॉम्प्युटरमध्ये भरला, यंत्र कानाला लावलं, बिल हातात दिलं. कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी आवाज किती पोचतो ते मोजायचं असतं. रिअल इअर मेझरमेंट. कुणी नावही काढलं नाही.

पर्वती_पेन्शनर: ताई, सगळं दुकानदारावर ढकलू नका. मी रोज वापरतो. सुरुवातीचे काही आठवडे पंख्याची घरघर, पेपरची पानं, स्वतःचं चावणं, सगळं अंगावर येतं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. आमच्या कट्ट्यावरचे निम्मे त्याआधीच "नको ते" म्हणून मोकळे. एकजण "बंद पडलं" म्हणून घेऊन आले, बघतो तर टोकाच्या फिल्टरवर मळ घट्ट बसलेला. यंत्रातल्या, हवेवर चालणाऱ्या झिंक-एअर सेलचं स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं, हेही ठाऊक नाही.

कोथरूडची_सून: मग हे सांगायचं कुणी, काका? विकणाऱ्यानंच ना!

नारायणपेठकर: मुळात कान जातात कशानं ते बोला. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, हा 2000 सालचा नियम. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभे राहून मोजा.

पथकातला: आलं ढोलावर! डीजेच्या भिंती आणि आम्ही एकाच माळेत ओवू नका. आमच्या पथकात इअरप्लग लावून वाजवतात.

नारायणपेठकर: प्लग तुमच्या कानात. माझ्या आईनं काय करायचं? गणपतीत ती यंत्र काढून ठेवते, आणि घरात कुणाशी बोलणंच राहत नाही. खिडक्या लावल्या तरी छाती धडधडते.

पथकातला: वेळ संपली की आम्ही थांबतो. रात्रीची तक्रार पोलिसांकडे करा, माझ्याकडे नको.

नारायणपेठकर: केली. पुढच्या मंडळानं सुरू केलं.

पथकातला: सराव नदीकाठी असतो, तिथेही लोक भांडायला येतात. आम्ही वाजवायचं तरी कुठे? पण आजींचं ऐकून वाईट वाटलं. गल्लीत शिरताना हात आखडता घ्यायला हवा, एवढं मानतो.

पर्वती_पेन्शनर: मंगल कार्यालयाचंही बोला. डायरेक्शनल माइक समोरच्याचा आवाज उचलतो, पण पंगतीत चारी बाजूंनी बोलणं सुरू झालं की भारीतलं यंत्रही हात टेकतं. हे विकत घेताना मला कुणी सांगितलं नाही. तेवढ्यापुरती ताई बरोबर.

कोथरूडची_सून: तेवढ्यापुरती तर तेवढ्यापुरती. चिकाटी लागते हे मलाही मान्य. पण कालच्या पोस्टवाल्यांनी आईबाबांना "हट्टी" म्हणण्याआधी यंत्र घेऊन पुन्हा फिटिंगला जावं, आणि काय खुपतं ते त्यांनाच बोलू द्यावं. मुलं मध्येच उत्तरं देतात, म्हातारे गप्प बसतात.