म्युनिकमध्ये घर लावताना: वाणसामान, शेगडी, पाणी आणि बाकीचं

ऑक्टोबरात शिकायला येणारी मुलं असोत की नोकरीनिमित्त आलेली कुटुंबं, पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले असतात. पोळ्या का तुटतात, डाळ का शिजत नाही, चहावर हा पापुद्रा कसला, रविवारी दूध कुठे मिळेल. म्युनिकमध्ये काही वर्षं काढलेल्या मंडळींनी आपापला अनुभव इथे लिहावा. एक विनंती: हकिगत नको. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुठे चुकतं आणि का, एवढंच लिहा. नाव नको, राहता भाग लिहिला तरी पुरे.

गीझिंग

कणकेपासून सुरुवात करतो, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. पिठाच्या पुड्यावर दोन गोष्टी बघायच्या: धान्य आणि टाइपचा आकडा.

धान्य ‘वाइत्सेन’ हवं, म्हणजे गहू. ‘रोग्गेन’ हे राय नावाचं धान्य. पुडा तसाच दिसतो, शेजारीच ठेवलेला असतो, पण त्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. गोळा हाताला चिकटत राहतो आणि पोळी लाटताच येत नाही. ‘डिंकेल’ हे गव्हाचं जुनं भावंड. त्याची पोळी मऊ होते, पण ताणली की फाटते, म्हणून ते फार मळायचं नाही.

आता आकडा. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, ते हा टाइप सांगतो. कोंडा जास्त तितकी राख जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा समजा. ५५० थोडं ताकदीचं असतं, पुरणपोळीच्या पारीला मला तेच आवडतं. १०५० मध्ये बऱ्यापैकी कोंडा असतो. ‘फोल्कोर्न’ म्हणजे अख्ख्या धान्याचं पीठ, त्याला आकडा नसतो. रोजच्या पोळीला दोन वाट्या १०५० आणि एक वाटी फोल्कोर्न असं मिश्रण जमतं. फोल्कोर्न बारीक दळलेलं बघून घ्या, जाडसर कोंडा लाटताना पोळीला भोकं पाडतो.

पाण्याचं प्रमाण मात्र भारतातलं विसरा. आपल्याकडे चक्कीत दळताना पिठातल्या पिष्टाचे कण जास्त फुटतात, म्हणून ती कणीक पाणी जास्त पिते. इथलं पीठ रोलरवर दळलेलं, ते कमी पितं. अर्धा किलोला सवयीनं सव्वातीनशे मिली पाणी ओतलं की कणीक सैल होते, मग वरून पीठ टाकत बसावं लागतं. पावणेतीनशे मिलीनं सुरुवात करा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा नंतर पाणी ओढतो, तेव्हा गरज पडेल तसा हात ओला करून पुन्हा मळा.

पासिंग

वरच्यात भर. ज्यांना ही खटपट नको, त्यांना भारतीय दुकानात चक्कीच्या आट्याची पाच आणि दहा किलोची पोती मिळतात. मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला ग्योटेश्ट्रासे आणि लांडवेअरश्ट्रासे या रस्त्यांवर तुर्की आणि अरबी दुकानांची रांग आहे. मसूर डाळ, डाळिंबं, वांगी, भेंडी आणि मोठ्या जुड्यांची कोथिंबीर तिथे सुपरमार्केटपेक्षा चांगली आणि स्वस्त मिळते. जुडी घेताना पान चुरडून वास घ्या. शेजारची पार्सली लांबून कोथिंबिरीसारखीच दिसते.

रव्याबद्दल: ‘वाइखवाइत्सेनग्रीस’ हा मऊ गव्हाचा रवा, शिऱ्याला चालतो, पण उपम्याचा लगदा होतो. उपम्याला ‘हार्टवाइत्सेनग्रीस’ घ्या. पास्त्याच्या कठीण गव्हाचा असतो, दाणा मोकळा राहतो. पोहे मात्र भारतीय दुकानातच.

श्वाबिंग

दुधाच्या फळीसमोर नवा माणूस गोंधळतो, म्हणून जरा सविस्तर.

‘हा-मिल्ख’ फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकतं. चहाला ठीक, पण फार तापवलेलं असल्यानं त्याचं दही सैल लागतं आणि पनीरचा चोथा नीट धरत नाही. फ्रिजमधल्या दुधातही दोन जाती आहेत. ‘लेंगर हाल्टबार’ लिहिलेलं जास्त दिवस टिकणारं आणि ‘ट्राडिट्सिओनेल’ लिहिलेलं साध्या पाश्चरीकरणाचं. दही-पनीरला हे दुसरं घ्या, ३.८ टक्के स्निग्धांश असलेलं मिळालं तर उत्तम. विरजण म्हणून साधं ‘नाटुअरयोगुर्ट’ चालतं.

तुपासाठी लोणी घेताना ‘झौअरराम’ शब्द शोधा, म्हणजे आंबवलेल्या सायीचं लोणी. ‘झ्यूसराम’ हे गोड सायीचं, त्याचं तूप होतं पण कढवताना तो ओळखीचा वास येत नाही. अडीचशे ग्रॅमचे चार पुडे कढवले की पाऊण किलोच्या थोडं वर तूप निघतं, कारण लोण्यात ८२ टक्केच स्निग्धांश असतो. ‘बुटरश्माल्त्स’ नावानं तयार तूप मिळतं. तळणीला चांगलं, पण वरणभातावर घ्यायला कढवलेलंच बरं.

आणि क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा दुधाचा पदार्थ. इथे राहून श्रीखंड न करणं म्हणजे चक्का दाराशी असून उपाशी राहणं आहे. डब्यावर ‘४० टक्के फेट इन ट्रोकनमासे’ लिहिलेला घ्या. हा आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातला आहे, पूर्ण वजनात स्निग्धांश साधारण ११ टक्के भरतो, त्यामुळे दचकू नका. ‘मागरक्वार्क’चं, म्हणजे साय काढलेल्या दुधाच्या क्वार्कचं, श्रीखंड खरखरीत होतं. अर्धा किलो क्वार्क पंचात बांधून, चाळणीवर ठेवून, चार तास फ्रिजमध्ये निथळू द्या. आपल्या चक्क्यापेक्षा आंबट कमी असतो, म्हणून साखर बरोबरीनं नको, पाऊणपट पुरते. साखर घातल्यावर पाणी सुटून पातळ वाटतं. तासभर थांबा आणि मग पुरणयंत्रातून काढा. मिक्सर लावला की ते पुन्हा घट्ट होत नाही.

शाकाहारी असाल तर एक बघा: क्वार्क आणि चीजमध्ये ‘लाब’ म्हणजे दूध फाडायचं विकर वापरतात, ते प्राण्याच्या जठरातलं असू शकतं. ‘मिक्रोबिएलेस लाब’ लिहिलं असेल तर शंका नको.

नॉयपेर्लाख

शेगडी. बहुतेक घरांत काचेची सेरान शेगडी असते. काचेखाली तार तापते, इंडक्शन असेलच असं नाही. आधी ते ओळखा. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलं पाहिजे. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही, खाली स्टीलचं इंडक्शन बूड असलेला आणा.

सेरानवर भांड्याचं बूड सपाट हवं. गोल बुडाची कढई आणि मध्ये खोलगट झालेला तवा काचेला मध्यावरच किंवा कडेवरच टेकतो, बाकीचा भाग कच्चा राहतो. जाड सपाट तवा घ्या, नऊपैकी सात-आठवर चार-पाच मिनिटं तापू द्या, मगच पहिली पोळी टाका. फुलका फुगवायचा तर शेजारच्या तापलेल्या वर्तुळावर तारेची जाळी ठेवून त्यावर. तवा काचेवर ओढू नका, उचलून ठेवा, नाहीतर चरे पडतात आणि घर सोडताना ते अनामतीतून कापले जातात.

बंद केल्यावरही काच बराच वेळ गरम असते. बटण बंद केलं तरी कुकरला पुढची शिट्टी होते, दूध उतू जातं. शेवटच्या शिट्टीच्या आधीच बंद करा किंवा कुकर उचलून बाजूला ठेवा.

सगळ्यात महागात पडतो तो साखरेचा पाक. चिक्की किंवा लाडवांचा पाक काचेवर सांडला आणि तसाच थंड झाला, की काच आणि साखर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि साखर काचेचा टवका घेऊनच निघते. पाक सांडला की आच बंद, हातात जाड मोजा, आणि गरम असतानाच पात्याच्या खरवडणीनं तिरकं धरून काढायचं. ही खरवडणी डेएम किंवा रोसमान या घरगुती सामानाच्या दुकानांत मिळते. पाक करायच्या आधीच ती जवळ ठेवा.

मोसाख

म्युनिकचं पाणी पिण्याला उत्तम, नळाचंच प्या, पण ते जड आहे. त्यात विरघळलेला चुना आल्प्सच्या पायथ्याकडून येतो. चहावरचा पापुद्रा, न शिजणारी तूरडाळ, कडक होणारे टॉवेल, किटलीतला पांढरा थर, या सगळ्याचं मूळ एकच.

डाळ: चुन्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. रात्रभर भिजवा आणि उकळून गार केलेल्या पाण्यात शिजवा. उकळताना बराच चुना तळाशी बसतो, वरचं पाणी अलगद ओतून घ्या. घाई असेल तर चिमूटभर सोडा, चिमूटभरच, जास्त झाला की साबणासारखी चव येते. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच घाला.

कपडे: साबणाच्या पुड्यावर मागे तक्ता असतो, वाइख, मिटेल, हार्ट, म्हणजे मऊ, मध्यम आणि जड पाणी. म्युनिकसाठी हार्टचा रकाना बघायचा. कमी साबण घातला की मळ परत कपड्यांवर बसतो आणि यंत्राच्या तारेवर चुना चढतो.

किटली: लिटरभर गार पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक आम्ल, एक-दोन तास ठेवा. उकळायचं नाही. तापवलं की कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो आणि तो पहिल्यापेक्षा हट्टी असतो. ही चूक फार जण करतात.

लाइम

रविवारी दुकानं बंद. बवेरियात इतर दिवशीही रात्री आठला दार लागतं, बर्लिनसारखं दहापर्यंत चालू नसतं. मुख्य स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात, गर्दीची तयारी ठेवा. ईस्टरला शुक्रवार, रविवार आणि सोमवार बंद, मधल्या शनिवारीच काय ती खरेदी. १५ ऑगस्टला म्युनिकमध्येही सुट्टी असते, पण ती मारियाच्या स्वर्गारोहणाची.

बाटल्यांची अनामत: एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि पेयांचे पत्र्याचे डबे २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटल्या ८, पुन्हा भरायच्या पाण्याच्या बाटल्या आणि दह्याच्या काचेच्या बरण्या १५. एकेरी बाटली चेपू नका, लेबल फाडू नका, दुकानातलं परतीचं यंत्र रेघांचा कोड वाचून पावती देतं. ती त्याच दुकानात काउंटरवर देऊन पैसे घ्या.

किमतीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो. मोठा पुडा स्वस्त असेलच असं नाही, तो बारीक आकडा बघून घ्या.

साधी पॅरासिटामॉलही सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, फक्त ‘आपोटेके’त, म्हणजे औषधांच्या दुकानात, आणि चिठ्ठीशिवाय ५०० मिलिग्रॅमच्या वीसच गोळ्या. शनिवारी संध्याकाळच्या आत घरात आणून ठेवा, लहान मूल असेल तर नक्कीच.

पासिंग, पुन्हा

भारतातून सामान आणणाऱ्यांसाठी. युरोपीय संघाच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, बर्फी नाही. ताजी फळं, भाज्या, पानं, बियाणं यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटतात ती पाचच फळं: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी आणि ताजा कढीपत्ता यांत बसत नाहीत, कस्टम्सवाले काढून घेतात आणि त्यांचं बरोबर आहे. गोडा मसाला, मेतकूट, आमसूल, थालीपिठाची भाजणी आणा. पुड्या सीलबंद आणि नाव छापलेल्या असल्या की विचारणा झाली तरी दोन मिनिटांत सुटका. विमानानं येणाऱ्या मोठ्या माणसाला एकूण मालाची करमुक्त मर्यादा ४३० युरो आहे. सोन्याचे नवे दागिने त्यात धरले जातात, हे लग्नाहून परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

गीझिंग

घराचं थोडक्यात, कारण पैसे इथेच अडकतात. ‘काल्टमीटे’ नुसतं भाडं, ‘वार्ममीटे’त बहुधा हीटिंग, पाणी, कचरा. वीज बहुतेकदा वेगळी. अनामत तीन काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा कायद्यानं हक्क आहे. पुष्कळ घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, छतातून नुसत्या तारा लोंबतात. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर विकत देऊ करतो, ते घेताना शेगडी सुरू करून बघा.

टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. इथे फ्लॅटला नंबर नसतात, पोस्टमन नाव बघूनच टाकतो, नाव नसेल तर बँकेचं कार्डही परत जातं. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. नोंदणीनंतर ‘रुंडफुंकबाइत्राग’चं, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, पत्र येतं, महिना १८.३६ युरो. ती फसवणूक नाही, टीव्ही नसला तरी भरायचं, पण घराला एकच. चौघं एकत्र राहत असाल तर एकानं भरून बाकीच्यांनी त्याचा वर्गणी-क्रमांक कळवायचा.

श्वाबिंग

कचऱ्याचं कोणी लिहिलं नाही. इमारतीत निळा डबा कागदाचा, तपकिरी ओल्याचा, काळा उरलेल्याचा. प्लास्टिक आणि डबे म्युनिकच्या बऱ्याच भागांत रस्त्यावरच्या सार्वजनिक पेट्यांत नेऊन टाकावे लागतात. तिथेच काच, रंगानुसार वेगळी, रविवारी आणि संध्याकाळी सातनंतर टाकायची नाही. ओला कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा. ‘कंपोस्ट होणारी’ म्हणून विकतात त्या पिशव्याही म्युनिकच्या तपकिरी डब्यात चालत नाहीत.

मोसाख

हिवाळ्यातल्या इडलीचं पीठ आणि बुरशी, दोन्ही हवेचेच प्रश्न.

पीठ ओव्हनमध्ये ठेवा, आच बंद, फक्त आतला दिवा चालू. तेवढी ऊब पुरते, तरी जानेवारीत १४ ते १८ तास धरा. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. उकडा तांदूळ न मिळाल्यास सुपरमार्केटमधला ‘पार्बॉइल्ड’ लांब दाण्याचा तांदूळ चालतो.

खिडकी अर्धवट तिरकी उघडून दिवसभर ठेवायची सवय नको. हवा थोडीच बदलते आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडते. मग भाताची, कुकरची वाफ नेमकी तिथे थंड होऊन पाणी धरते आणि आठवडाभरात काळे ठिपके दिसतात. समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच एकदा. त्या वेळी हीटर बंद करा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. फोडणीचा वास इतर खोल्यांत जाऊ नये म्हणून खिडकी उघडायच्या आधी स्वयंपाकघराचं दार लावून घ्या.