सहा बाय चार प्लायवर एचओ : पहिलं इंजिन आणि वॅगन कोणत्या घेऊ?

घोरपडीची लेक
नमस्कार मंडळी. माझे बाबा घोरपडीच्या डिझेल शेडला फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी दिसायच्या आत नुसत्या आवाजावरून इंजिन अल्को कंपनीचं की ईएमडीचं ते सांगतात. त्यांच्यासाठी मॉडेल रेल्वे सुरू करायची आहे. मागच्या खोलीत सहा बाय चार फुटांचा प्लाय बसतो, त्यापुढे इंचभरही जागा नाही. डोक्यात आहे ती डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-२ आणि मागे दहा-बारा निळे डबे. चुलतभाऊ दिवाळीला जर्मनीहून येतोय. त्याला तिकडे मेर्कलिन या जर्मन कंपनीचा जुना सेट स्वस्तात मिळतोय. घ्यायला सांगू का? एचओ (१:८७ प्रमाणाचं मॉडेल) बरं की त्याहून लहान एन (१:१६०)? आणि डिजिटल आत्ताच लागेल का?

रूळ-स्लीपर
बारा डबेच हवे असतील तर एनचा विचार करा. आयसीएफचा, म्हणजे तुमचा निळा डबा एचओमध्ये साधारण साडेचोवीस सेंटिमीटर होतो, म्हणजे बारा डब्यांची गाडी जवळजवळ तीन मीटर. तुमचा प्लाय आहे पावणेदोन मीटरच्या जरा वर. एनमध्ये डबा साडेतेरा सेंटिमीटरच्या आत बसतो आणि रूळ ९ मिमीचे.

मीटरगेज मिरज
वरचा हिशेब बरोबर आहे, तरी मी एचओच सांगेन. एनचा डबा रुळावर परत बसवायला नजर आणि बोटं दोन्ही तरुण लागतात. बाबांनी गाडी स्वतः हाताळायला हवी ना?

मेर्कलिन आणू नका. माल उत्तम असतो, वाद नाही. पण त्यांच्या एचओला वीज मिळते ती दोन रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खुंट्यांतून, आणि दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. असली वॅगन साध्या टू-रेल १२ व्होल्ट डीसी रुळावर (जिथे वीज दोन रुळांतूनच जाते-येते) ठेवली की थेट शॉर्ट. एकदा त्यात शिरलात की इंजिन, रूळ, चाकं सगळं त्याच पद्धतीचं घ्यावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. सगळे आधी इंजिन पसंत करतात. ताई, तुम्ही आधी वळण ठरवा. चार फूट म्हणजे १२१९ मिमी, त्यात १८ इंच त्रिज्येचं, म्हणजे ४५७ मिमीचं वळण आरामात बसतं आणि कडेला जागाही उरते. सहा अ‍ॅक्सलच्या इंजिनाला आणि लांब डब्यांना २२ इंच तरी द्यावेत. तेवढं वळण चार फुटांत अगदी काठाला जातं, आणि तिथून घसरलेलं इंजिन सरळ फरशीवर. डब्ल्यूडीएम-२ सहा अ‍ॅक्सलची. म्हणून पहिलं इंजिन चार अ‍ॅक्सलचं घ्या, आणि तेही अल्कोच घ्या. अल्को आरएस-३ एचओमध्ये मिळतं, बाखमनचं आहे. आपली डब्ल्यूडीएम-२ अल्कोचीच : पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यू या डिझेल इंजिन कारखान्यात बनू लागली. आरएस-३ हुबेहूब तशी नाही, पण लांब बॉनेट, बाजूचा चालायचा पट्टा, कॅबची जागा पाहून बाबा घराणं ओळखतील.

मागे निळे डबे नकोत, मालगाडी लावा. हे मी मनापासून सांगतोय. आयसीएफच्या डब्याला बफर आणि स्क्रू कपलिंग असतं, अमेरिकन इंजिनाला ते कधीच शोभत नाही. आपल्या मालगाडीला मात्र सीबीसी (सेंटर बफर कपलर) आहे, आणि अमेरिकन मॉडेलवरचा नकल कपलर म्हणजे तेच पंजाचं कपलिंग. ३४ फुटी ओपन हॉपर (कोळशाची उघडी अमेरिकन वॅगन) एचओमध्ये साधारण १२ सेंटिमीटर भरतो. आपली उघडी मालवॅगन बॉक्सएन कपलर ते कपलर १०.७१३ मीटर, म्हणजे एचओत १२.३. कोळसा भरून सहा-सात हॉपर लावा, लांबून बॉक्सएनचा रेक वाटतो. एवढी गाडी त्या वळणावर नीट फिरते.

डिजिटल नंतर. फक्त इंजिन ‘डीसीसी रेडी’ (डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल) बघून घ्या, म्हणजे आत डिकोडरचं, डिजिटल हुकूम समजणाऱ्या चिपचं, सॉकेट असतं.

घोरपडीची लेक
काका, बाबांना वाचून दाखवलं. सीबीसी ऐकून खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांचा प्रश्न : रूळ ब्रॉडगेजच्या प्रमाणात असतो का? आणि वापरलेलं इंजिन घेतलं तर काय तपासायचं?

मीटरगेज मिरज
बाबांना माझा नमस्कार. नाही, प्रमाणात नसतो. १६.५ मिमी हा स्टँडर्ड गेजचा, १४३५ मिमीचा एचओ रूळ. आपलं १६७६ मिमी १:८७ मध्ये १९.३ मिमी होतं. त्यामुळे भारतीय इंजिन एचओत जरा अरुंद रुळावर उभं दिसतं. बहुतेक जण ते तसंच स्वीकारतात, मीही. गंमत म्हणजे जुन्या बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिमी नॅरोगेज एचओत पावणेनऊ मिमी होते, म्हणजे एनच्या ९ मिमी रुळावर जवळजवळ तंतोतंत! मिरजेला तिन्ही गेज पाहत वाढलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लूपलाइन ठाणे
वापरलेल्या इंजिनाचं मी सांगतो. विक्रेत्याकडून वेगाचा व्हिडिओ मागू नका, अगदी हळू चालतानाचा मागा. जुन्या मॉडेलांत अ‍ॅक्सलवरचं प्लास्टिकचं गिअर तडकतं. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘ठक्’ होतं आणि इंजिन किंचित उसळतं. किंवा मोटर गुरगुरते आणि चाक जागेवरच. वेगात हे झाकलं जातं. दुसरं, वीज सगळ्या चाकांतून घेतंय का ते विचारा. दोन-तीनच चाकांतून घेणारं छोटं इंजिन पॉइंटच्या (रूळ फाटा घेतो तिथल्या) प्लास्टिकच्या फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, थबकतं. हॉपरची चाकं धातूची घ्या, प्लास्टिकची रुळावर मळ पसरवतात. आणि प्रत्येक वॅगन काट्यावर ठेवा : एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीने १२ सेंटिमीटरच्या वॅगनचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास हवं. हलकी असेल तर कोळशाखाली नट चिकटवा.

मीटरगेज मिरज
बरोबर. खरेदीआधी एकदा बाबांना घेऊन कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन या. भाऊ जोशींनी ते १९९८ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. चालती एचओ गाडी डोळ्यांनी पाहिली की वळण आणि लांबीचा अंदाज येतो.

घोरपडीची लेक
या रविवारीच जातो. मग भावाला काय आणायला सांगू?

मीटरगेज मिरज
रूळ आणि कंट्रोलर. पिकोचा ए-ट्रॅक चालेल, वळण आर३ म्हणजे ४८३.७५ मिमीचं सांगा. कंट्रोलर साधा डीसी, जर्मनीतला २३० व्होल्टचा, इथे तसाच चालतो, फक्त पिनेसाठी अडॅप्टर लागेल. इंजिन आणि हॉपर अमेरिकन घ्यायचे, पण पूर्ण अमेरिकन सेट मागवू नका. त्यातला पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो, आपल्या प्लगमध्ये घातला की जळतो.