‘त्सेरझेत्सुंग’ला मराठी प्रतिशब्द कोणता?

निळीशाई:
पूर्व जर्मनीवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘त्सेरझेत्सुंग’ या शब्दापाशी अडले आहे. विरोधकाला तुरुंगात न टाकता निकामी करण्याच्या पद्धतीला श्टाझी या गुप्त पोलिसयंत्रणेने जानेवारी १९७६ च्या निर्देशात हे नाव दिले: त्याची बदनामी करायची, नोकरीत त्याला ठरवून अपयश आणायचे, त्याच्या मित्रमंडळीत संशय पेरायचा. कोशात ‘विघटन’ मिळते, पण त्याने ओला कचरा आठवतो.

कोशवेडा:
आठवू द्यावा, कारण मूळ शब्दही कुजण्याचा, रासायनिक विघटनाचाच आहे. शिवाय नाझी काळात सैन्याचे मनोधैर्य खचवण्याच्या गुन्ह्याच्या नावात हाच शब्द होता आणि त्या गुन्ह्याला देहदंड होता. पुढे श्टाझीने तो स्वतःच्याच कामाला लावला. ‘विघटनकारी शक्ती’ हा आरोप ऐकलेल्या मराठी वाचकाला ही गंमत समजेल.

बांधावरून:
‘मानसिक खच्चीकरण’ हा रुळलेला शब्द असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

कोशवेडा:
अरबी ‘खसी’वरून आलेल्या, बैलांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दाला संस्कृत ‘करण’ जोडून झालेला हा संकर गंभीर लेखनात मला तरी खटकतो.

बांधावरून:
‘कैद’, ‘दहशत’, ‘फितुरी’ हेही मग गाळावे लागतील, आणि ‘हुकूमशाही’ तर पहिल्यांदा, कारण त्यातला हुकूम अरबी आणि शाही फारसी आहे.

कोशवेडा:
म्हणूनच मी ‘सर्वंकष सत्ता’ लिहितो. सर्वंकष म्हणजे सगळे खरवडून नेणारे. याहून नेमका शब्द दाखवावा.

माजघर:
मला ‘वाळीत टाकणे’ सुचते. आमच्या पणजोबांना गावाने वाळीत टाकले होते, तेव्हा शेजारच्या घरातून विस्तवही मिळत नसे, असे आजी सांगत असे.

निळीशाई:
पण आपल्या पणजोबांना ते कोणी केले हे ठाऊक होते, आणि इथे नेमके तेच कळू द्यायचे नसे. मानवी हक्कांचा आदर राखण्याचे वचन असलेल्या हेलसिंकी करारावर पूर्व जर्मनीने १९७५ मध्ये सही केल्यानंतर उघड अटका जगाच्या डोळ्यांवर येत असत. त्यामुळे काम खबऱ्यांवर सोपवले जाई; १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पगारी कर्मचाऱ्यांखेरीज पावणेदोन लाखांहून अधिक खबरे होते, तेही जेमतेम १.६ कोटींच्या देशात. पुढे १९९२ पासून स्वतःची फाइल पाहता येऊ लागली, तेव्हा काहींना तीत आपल्या जिवलगांचेच अहवाल सापडले. वाळवीसारखे हे काम पाहून मी तूर्त ‘पोखरण’ लिहिले होते, पण मुद्रितशोधकाने समासात ‘१९७४ की १९९८?’ असा प्रश्न केला आहे.

बांधावरून:
‘पोखरणी’ करावे.

कोशवेडा:
‘पोखरणी’ कोणत्या कोशात आहे?