मदत हवी आहे : ला शारिते-स्यूर-ल्वार येथे मुक्काम करावा की पॅरिसहून एका दिवसात जाऊन यावे?

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये मी वडिलांसह पॅरिसला जाणार असून, तेथून ल्वार नदीकाठच्या ला शारिते या गावी जाण्याचा विचार आहे. इ.स. २००० पासून हे गाव ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते आणि तेथील जुन्या गल्ल्यांमध्ये दुर्मीळ व वापरलेल्या पुस्तकांची अनेक दुकाने आहेत, एवढी माहिती मिळाली आहे. मात्र ही दुकाने आठवड्यातील कोणत्या दिवशी हमखास उघडी असतात, हे समजत नाही. फ्रान्समधील लहान गावांत सोमवारी आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी बरीच दुकाने बंद असतात, म्हणून ही शंका.

आपल्या महाराष्ट्रातील पुस्तकांच्या गावी, भिलारला, पुस्तके घराघरांत विनामूल्य वाचायला ठेवलेली असतात; ला शारितेत मामला विक्रीचा आहे. तेव्हा फारशी खरेदी न करता कोणी बराच वेळ पुस्तके चाळत बसले, तर दुकानदारांना ते रुचते का? माझे फ्रेंच जेमतेम असल्यामुळे मला मुख्यतः जुने नकाशे, कोरीव चित्रे आणि शक्य झाल्यास भारताविषयीची सचित्र प्रवासवर्णने पाहायची आहेत. अशा गोष्टी तेथे खरोखर मिळतात का, आणि जड पुस्तके टपालाने भारतात पाठवण्याचा कोणाला अनुभव आहे का?

वडिलांना पुस्तकांपेक्षा तेथील नोत्र-दाम चर्चची अधिक ओढ आहे. हे चर्च ज्या मठाचे, तो फ्रान्समधील क्लूनी येथील मोठ्या ख्रिस्ती मठाशी जोडलेला मठ १०५९ साली स्थापन झाला आणि ११०७ मध्ये खुद्द पोप दुसरे पास्कल यांनी चर्चचा अभिषेक केला. १५५९ च्या आगीत मुख्य सभागृहाचा मोठा भाग नष्ट झाला, त्यामुळे जुना मनोरा आज उरलेल्या चर्चपासून सुटा उभा दिसतो. पुढे या वास्तूच्या मधूनच रस्ता काढण्याचा घाट घातला गेला होता; तो १८४० च्या सुमारास ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक व लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांच्या प्रयत्नांमुळे टळला. हे सारे निवांत पाहायचे, तर घाई उपयोगाची नाही.

अडचण अशी, की वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. चर्च, दुकाने आणि दगडी पूल एवढे अंतर त्यांना चालता येईल. परंतु वरच्या तटबंदीपर्यंतची चढण कितपत कठीण आहे? ला शारितेमार्गे जवळच्या नवेर शहराकडे जाणाऱ्या गाड्या पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून सुटतात. त्याच दिवशी परतल्यास गावात पुरेसा वेळ मिळतो का, की रात्री तेथेच थांबणे योग्य? ला शारितेत सोयीची खोली न मिळाल्यास नवेरला मुक्काम करण्याचीही आमची तयारी आहे.